स्वस्त शिक्षकाच्या शोधात

मद्रास शहरातील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, एग्मोर हा भाग रेल्वेस्टेशन आणि जुने संग्रहालय यांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस याच भागात ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी एक आश्रम होता. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ साली त्याचा अधीक्षक झाला. आश्रमात मुले पुष्कळ होती. शिक्षक मात्र थोडे, आणि जे होते ते आपल्या कामाला कंटाळलेले. एके दिवशी घोड्यावरून फेरफटका मारीत असता बेलसाहेबांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत होती, आणि मोठी मुले लहानांकडून ती घोटून घेत होती. आपल्या आश्रमात हीच तऱ्हा सुरू करावी, असे त्यांनी शिक्षकांना सांगितले. शिक्षकांनी ते अशक्य ठरविले. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या एका साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाला हाताशी धरले आणि मुळाक्षरांचा वर्ग त्याच्या स्वाधीन केला. मुलाने तो उत्तम चालविला. थोड्याच दिवसांत इतर वर्गांवरही मुलेच नेमली गेली.

शिक्षकाच्या वेतनाचा इतिहास सांगावयाचा म्हणून मी येथून प्रारंभ केला, याचे काहींना आश्चर्य वाटेल. फ्रिस्किनला वेतन नव्हते, आणि त्याच्या वयाच्या मुलाला ते असण्याचे कारणही नव्हते. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे प्रश्नाचे मूळ येथेच आहे. शाळा हवी, मुले शिकलेली हवीत, पण शिक्षकावर होणारा खर्च नको, ही इच्छा फार जुनी आहे. ती पुरविण्यासाठी गेल्या सव्वादोनशे वर्षांत ज्या अनेक युक्त्या निघाल्या, त्यांपैकी पहिली मोठी युक्ती आपल्या देशाच्या भूमीवर जन्मली, इंग्लंडात मोठी झाली आणि मग परत आपल्या दारी आली.

बेल यांनी पाहिलेले दृश्य त्या काळी आपल्याकडे गावोगाव दिसे. आपल्या पंतोजींच्या शाळेतही धूळपाटी होतीच, आणि वरचा विद्यार्थी खालच्याला कित्ता घालून देई, उजळणी म्हणून घेई. गावातील एखाद्या ओसरीवर वा देवळात पंधरावीस मुले जमत. कोणी आज आला, कोणी चार महिन्यांपूर्वी. सर्वांना एका वेळी एकच धडा देणे शक्यच नव्हते. पंतोजींना मिळे ते धान्य, शिधा, सणावाराची पोस्त आणि कोणाकोणाकडून थोडे रोकड. मुलगा धूळपाटीवरून कागदावर आला की आईबापांकडून दोन पैसे अधिक मिळत. ही मिळकत अल्पच होती. विल्यम अ‍ॅडम यांनी १८३५ ते १८३८ या काळात बंगालमधील शाळांची जी पाहणी केली, तीत तेथील गुरुजींच्या प्राप्तीची तुलना जमीनदारीतील पटवारी आणि अमीन यांच्याशी केली आहे. पटवाऱ्याचा नेमलेला पगार कमी असला, तरी त्याला वरकमाई असे. गुरुजींना ती कोठून असणार? म्हणून ज्याला दुसरीकडे जागा मिळेल असा हुशार मनुष्य या धंद्याकडे वळत नाही, ही तक्रार तेव्हाही होती. जुन्या ग्रामशाळेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तेथे वडील मुलगा शिकवी तो पंतोजींच्या नजरेखाली, आणि पंतोजींच्या ऐवजी नव्हे, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे.

बेल १७९६ साली मायदेशी परतले. एकाच वेळी अनेक पलटणींच्या धर्मोपदेशकाच्या जागा सांभाळून त्यांनी येथे चांगलीच माया जमविली होती. कमी खर्चाच्या शिक्षणाचा हा प्रवर्तक स्वतः कमी वेतनाचा पुरस्कर्ता नव्हता. १७९७ साली त्यांनी लंडनमध्ये आपल्या प्रयोगाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर हा तरुण लंडनच्या साउथवर्क भागात गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवीत होता. त्याने हीच पद्धत अधिक यांत्रिक केली. एका प्रचंड दालनात शेकडो मुले रांगांनी बसत. प्रत्येक रांगेवर एक वर्गनायक. वर्गनायकांवर आणखी वरचे नायक. आणि सर्वांच्या डोक्यावर उंच व्यासपीठावर एकच मास्तर. एका मास्तरात हजार मुले शिकविता येतात, अशी लँकेस्टरची प्रौढी होती. त्या देशात तेव्हा सूतगिरण्या उभ्या राहत होत्या. गिरणीप्रमाणे चालणारी शाळा तेथील दानशूरांना न आवडती तरच नवल. बेलपंथी आणि लँकेस्टरपंथी अशा दोन संस्था निघाल्या. त्यांची भांडणे धर्मपंथावरून होती, खर्चाविषयी मात्र दोघांचे एकमत होते.

आता या कथेतील मौजेचा भाग. कंपनीच्या संचालकांनी १८१४ साली हिंदुस्थानातील सरकारला जे शिक्षणविषयक पत्र पाठविले, त्यात येथील ग्रामशाळांच्या या पद्धतीचा आदराने उल्लेख करून ती बेल यांच्यामार्फत इंग्लंडात रुजल्याचे नमूद केले. १८२३ साली बल्लारीचे कलेक्टर कँपबेल यांनीही, मुलांकडून मुलांना शिकविण्याच्या देशी रीतीची वाखाणणी केली आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच होते असे लिहिले. परंतु त्याच अहवालात पुढे ते सांगतात, की त्यांच्या जिल्ह्यातील शाळा ओस पडत चालल्या आहेत. विलायती कापडाने येथील कारागिरांचा धंदा बुडविला आहे, लोक दरिद्री झाले आहेत, आणि आईबापांना गुरूची दक्षिणा देणे परवडत नाही. ज्या गिरण्यांच्या देशात आमची पद्धत गाजत होती, त्याच गिरण्यांच्या मालाने आमच्या पंतोजींची पोस्त बंद पाडली. तो अहवाल वाचताना हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी दिसतात, आणि मन उद्विग्न होते.

इंग्लंडात मुलांकडून मुलांना शिकविण्याचे यश फार दिवस टिकले नाही. नऊदहा वर्षांचा नायक आपल्याला जे पाठ आहे तेच दुसऱ्याकडून पाठ करून घेतो. त्यापलीकडे त्याची धाव जात नाही. १८४६ साली जेम्स के-शटलवर्थ यांनी दुसरा मार्ग काढला. तेरा वर्षांच्या हुशार मुलामुलींना पाच वर्षांसाठी शिकाऊ शिक्षक म्हणून नेमावयाचे, त्यांना सरकारातून वर्षाला १० पौंडांपासून चढत जाऊन २० पौंडांपर्यंत द्यावयाचे, आणि पुढे निवडक मुलांना शिष्यवृत्ती देऊन अध्यापनशाळेत पाठवावयाचे, अशी ती योजना होती. प्रशिक्षित शिक्षकांच्या पगारातही सरकार भर घाली. ही व्यवस्था पहिल्या युक्तीहून पुष्कळच चांगली होती आणि तिने एक खरा शिक्षकवर्ग निर्माण केला. पण खर्च वाढला, आणि खर्च वाढताच चौकशीसमिती आली.

त्यातून १८६२ सालचे सुधारित नियम जन्मास आले. शिक्षणखात्याची सूत्रे तेव्हा रॉबर्ट लोव यांच्या हाती होती. ही व्यवस्था स्वस्त ठरली नाही तर कार्यक्षम तरी ठरेल, आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त तरी ठरेल, असे आश्वासन त्यांनी पार्लमेंटला दिले. हिशेब असा होता. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे शाळेला वर्षाला अधिकात अधिक १२ शिलिंग मिळावयाचे. त्यांतील ४ शिलिंग हजेरीचे. उरलेले ८ वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या परीक्षेवर अवलंबून. मूल एका विषयात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स वजा. तिन्हींत नापास झाले की आठही शिलिंग गेले. शिक्षकाला सरकारातून प्रत्यक्ष मिळणारी रक्कम बंद झाली; आता त्याचा पगार शाळेच्या चालकांशी त्याचा जो करार होईल त्यावर, आणि पुष्कळ ठिकाणी त्या शिलिंगांतील हिश्श्यावर अवलंबून राहिला. मूल तापाने आजारी पडले आणि तपासनीसाच्या दिवशी गैरहजर राहिले, तर मास्तरांच्या चुलीवर त्याचा परिणाम होई. मुले वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करून येत. पुस्तक उलटे धरले तरी वाचन बिनचूक चाले, अशा गोष्टी त्या काळच्या आठवणींत आढळतात. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः पस्तीस वर्षे शाळातपासनीस होते. या पद्धतीने शिक्षणातील चैतन्य नाहीसे होते, असे ते आपल्या अहवालांतून वारंवार लिहीत राहिले. नियम आले आणि शिकाऊ शिक्षकांची भरती घसरली. ज्या धंद्यात मिळकतीची शाश्वती नाही, तिकडे कोण आपला मुलगा धाडील? इंग्लंडने ही पद्धत १८९०च्या दशकात मोडीत काढली.

आपल्याकडे १८५४ सालच्या चार्ल्स वुड यांच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली होती. शिकाऊ शिक्षकांची शिफारसही त्यात होती. परंतु मुंबई आणि मद्रास इलाख्यांत १८६०च्या दशकात अनुदानासाठी जे नियम झाले, त्यांत परीक्षेच्या फलावर पैसे देण्याचे हे विलायती तत्त्व शिरले. ओसरीवर शाळा चालविणारा देशी मास्तर आता तपासनीसाच्या वार्षिक फेरीची वाट पाहू लागला. १८८२ सालच्या हंटर कमिशननेही प्राथमिक शाळांपुरती या पद्धतीची पाठराखण केली. ती अधिकृतपणे टाकून देण्यात आली ती लॉर्ड कर्झन यांच्या काळी, १९०४ सालच्या शिक्षणविषयक ठरावाने. विलायतेतील जुने कोट वसाहतींत नव्याच्या भावाने खपतात, तसाच हा प्रकार.

या हंटर कमिशनपुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून एक निवेदन गेले. ते जोतीराव फुले यांचे होते. त्या निवेदनातील वरून खाली झिरपणाऱ्या शिक्षणावरील टीका सर्वश्रुत आहे. शेतकऱ्यांच्या पैशातून गोळा झालेला लोकल फंडाचा कर शेतकऱ्यांच्या मुलांच्या शाळांवर खर्च व्हावा, ही मागणीही परिचित आहे. शिक्षकाविषयी त्यांनी जे म्हटले आहे त्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. प्राथमिक शिक्षक शिकविण्याच्या कामात तयार केलेला असावा. त्याचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे, आणि मोठ्या गावी ते निदान १५ किंवा २० रुपये असावे, असे त्यांनी स्पष्ट आकड्यांनी मांडले. केवळ आकडा सांगून ते थांबले नाहीत. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री यांसारखी कामे शिक्षकाकडे द्यावीत, म्हणजे त्याची गावात प्रतिष्ठा वाढेल, असे त्यांनी सुचविले. शिक्षक शेतकरीवर्गातूनही यावेत, नांगराची मूठ वा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्यांना लाज वाटत नाही असे असावेत, ही अपेक्षा तर आजही नवी वाटते.

ज्यांची मुले अधिक संख्येने उत्तीर्ण होतात, त्या शिक्षकांना काही विशेष भत्ता द्यावा, असेही फुले यांनी म्हटले आहे. मग ते फलानुसारी वेतनाचे समर्थक होते काय? माझ्या मते नव्हे. लोव यांच्या हिशेबात पोटाचा घासच परीक्षेवर टांगलेला होता. फुले यांच्या हिशेबात आधी बारा रुपये हक्काचे, आणि भत्ता त्याहून वेगळा. हा भेद वरवर लहान दिसला, तरी सगळा प्रश्न त्यातच आहे.

सरकारला बारा रुपयांचा आकडा पटण्यास किती काळ लागला? हिंदुस्थान सरकारच्या १९१३ सालच्या ठरावात, प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन असू नये, असे लिहिले आहे. मध्ये एकतीस वर्षे गेली होती, आणि तेवढ्या काळात बारा रुपयांत येणारे धान्य अर्थातच तेवढेच राहिले नव्हते. शिवाय तो ठराव होता. तो पाळणे प्रांतांच्या आणि लोकलबोर्डांच्या तिजोरीवर अवलंबून होते. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९१२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले होते. पैसा कोठून आणावयाचा, हा त्या वेळच्या मोठ्या आक्षेपांपैकी एक होता.

गोखल्यांचे नाव आले, म्हणून पुण्याच्या दुसऱ्या एका परंपरेविषयी बोलणे भाग आहे. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे सेवा करावयाची आणि दरमहा ७५ रुपये घ्यावयाचे, असा दंडक पडला. सरकारी नोकरीत या मंडळींना याच्या कितीतरी पट मिळाले असते. त्यांचा त्याग खरा होता आणि त्यातून महाराष्ट्रात जे उभे राहिले ते कोणीही नाकारणार नाही. तथापि याच संस्थेत पहिली फूट पडली ती बऱ्याच अंशी पैशाच्या तत्त्वावरून, हेही विसरता येत नाही. आजीव सदस्याने बाहेरची मिळकत करू नये, सर्व वेळ आणि शक्ती संस्थेला द्यावी, असा टिळकांचा आग्रह. त्यांच्यापुढे जेझुइट पंथाच्या निष्कांचन सेवेचा आदर्श होता. ज्यांच्या मागे संसार होता आणि ज्यांना पंचाहत्तर रुपये पुरत नव्हते, त्यांना तो आदर्श जाचक वाटे. १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. दोन्ही बाजूंचे म्हणणे आज शांतपणे वाचले, तर कोणाही एकास दोष देववत नाही.

माझी तक्रार आहे ती त्यानंतर घडले त्याविषयी. आगरकरांनी स्वेच्छेने स्वीकारलेली गरिबी ही पुढे शिक्षकाची सक्तीची गरिबी झाली. आजीव सदस्यत्वाचा नमुना महाराष्ट्रभर पसरला आणि काही ठिकाणी त्याला सुंदर फळेही आली. १९१९ साली भाऊराव पाटील यांनी स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेतील कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यांत काढलेले दिवस अनेकांनी पाहिलेले आहेत. परंतु ज्यांनी स्वतः काहीच सोडले नव्हते, असे संस्थाचालकही शिक्षकाला त्यागाचा उपदेश करू लागले. सहीच्या पुस्तकात एक रक्कम आणि हातावर दुसरी, हा प्रकार काय आहे ते मराठी श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्या विद्यार्थिदशेत आम्हांला शिकविणारे एक गृहस्थ पगाराच्या दिवशी नेहमीपेक्षा अबोल असत. त्याचे कारण मला फार उशिरा कळले. गुरू या शब्दाला आपल्याकडे एवढी प्रतिष्ठा आहे, की त्याने पगाराची गोष्ट काढली तर ती प्रतिष्ठेला बट्टा लावणारी वाटावी! वैद्याच्या बाबतीत असे कोणाला वाटत नाही.

यानंतरच्या युक्त्यांचा धावता उल्लेख पुरे. १९३७ साली गांधीजींनी वर्धा येथे मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. तिचा गाभा हाताला काम देण्याचा होता आणि तो मोलाचा होता. पण मुलांनी कातलेल्या सुताच्या विक्रीतून शिक्षकाचे वेतन निघावे, हाही तिचा एक भाग होता. झाकिर हुसेन समितीने शिक्षकाला शक्य तर २५ रुपये आणि कोणत्याही परिस्थितीत २० रुपयांहून कमी नाही, असे वेतन सुचविले. फ्रिस्किनने शिक्षकाचे काम केले होते; आता त्याच्या वयाच्या मुलांनी शिक्षकाचा पगार मिळवावा, अशी ही कल्पना. शिक्षण स्वावलंबी व्हावे हा हेतू कितीही उदात्त असला, तरी मुलाच्या चरख्याकडे शिक्षकाने आपल्या पोटासाठी पाहावे, ही गोष्ट अनेक शिक्षणतज्ज्ञांना रुचली नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी शाळेचा वेळ तीन तासांवर आणून दोन पाळ्या केल्या. तेवढ्याच शिक्षकांत आणि तेवढ्याच खोल्यांत दुप्पट मुले बसावीत, हा हिशेब. उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, ही तिची दुसरी बाजू. घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, हे लोकांनी ताबडतोब ओळखले आणि एवढा क्षोभ उसळला, की १९५४ साली राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली.

१९६४ ते १९६६ या काळात डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने या प्रश्नाचा साकल्याने विचार केला. कोल्हापूर परिसरातील आपले जे. पी. नाईक हे त्याचे सदस्य-सचिव होते. सरकारी, स्थानिक मंडळाची आणि खाजगी अशा तिन्ही शाळांतील शिक्षकांत वेतनाचा भेद असू नये आणि देशभर किमान श्रेणी असाव्यात, ही त्याची शिफारस महत्त्वाची ठरली. महाराष्ट्रात पुढे डिसेंबर १९७७ पासून ५४ दिवस चाललेल्या संपात शिक्षक मोठ्या संख्येने उतरले. त्याच सुमारास खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदाही झाला. कायम नेमणूक, श्रेणी, निवृत्तिवेतन हे शब्द गावच्या शिक्षकाच्याही घरात आले. पंतोजींपासून मोजले तर शिक्षकाला सन्मानाने जगता यावे असा हा पहिलाच काळ होता.

तो फार लांबला नाही. १९९०च्या दशकात शाळा झपाट्याने वाढल्या आणि राज्यांच्या तिजोऱ्यांनी पुन्हा जुनीच भाषा सुरू केली. मध्य प्रदेशात १९९७ साली सुरू झालेल्या शिक्षण हमी योजनेत गुरुजींना दरमहा ५०० रुपये मिळत. गुजरातेत विद्यासहायक, उत्तर प्रदेशात शिक्षामित्र, अशी नावे निघाली. शिक्षक हा शब्द तेवढा टाळला गेला. कारण त्या शब्दाबरोबर श्रेणी येते. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक हे पद निर्माण केले. पदवी, पदविका, प्रशिक्षण, सर्व काही कायम शिक्षकाचेच. वर्ग तोच, मुले तीच. पण पहिली तीन वर्षे वेतन नव्हे तर मानधन. प्राथमिक शाळेत ते दरमहा ३,००० रुपये ठरले. अकरा वर्षांहून अधिक काळ तो आकडा हलला नाही; मग तो ६,००० झाला, आणि २०२३ साली १६,०००.